हिरव्या पट्टीची काडतुसं

१

फौजदारबाई पोचल्या तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले होते आणि बाइंडरच्या दुकानाची फळी अर्धीच लावलेली होती. आत टेबलावर शिवून तयार झालेल्या वह्यांची चळत, शेजारी खळीचं भांडं. कुणीतरी हातातलं काम टाकून उठलं होतं हे स्पष्ट दिसत होतं.

दुकानाच्या मागे घर. मधली मोठी खोली प्लायवूडचं पार्टिशन घालून दोन भागांत वाटली होती. अलीकडे बैठक, पलीकडे बाइंडरच्या मोठ्या भावाची खोली. बैठकीच्या बाजूनं पार्टिशनला मुठीएवढं एक भोक पडलं होतं. पलीकडच्या बाजूला मात्र सुटी सुटी नऊ भोकं होती, पसरलेल्या पंजासारखी. त्यांच्यासमोर दोन हातांवर वेताची खुर्ची, आणि खुर्चीत मोठा भाऊ. मान एका बाजूला कलंडलेली, मांडीवर उघडं पुस्तक. अंगावर कुणीतरी धुतलेली चादर पांघरली होती.

बाइंडर मागच्या दाराच्या पायरीवर बसला होता. वय पासष्टच्या आसपास, काडीसारखा बारीक. हाताच्या बोटांना वाळलेल्या खळीचे पापुद्रे. दुनळी बंदूक त्यानं स्वतःच उघडून जमिनीवर आडवी ठेवली होती. तिच्यापासून चार हात दूर सरकून तो बसला होता, जशी काही ती पुन्हा उठेल.

"तुम्हीच बंदूक झाडलीत?" फौजदारबाईंनी विचारलं.

"मीच. जावई मागच्या दारानं घुसला. नातीला ओढून न्यायला लागला. मी बंदूक काढली."

"आणि भिंतीवर झाडलीत?"

"हो." तो थांबला. मग शाळेत पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाला, "काडतुसं मीच निवडली होती. मोठ्या छर्ऱ्यांची. मीच पिशवीत ठेवली, मीच भरली. घरात दुसऱ्या कुणाचा काडतुसांना हात लागलेला नाही. तसं लिहून घ्या."

हवालदार लिहायला लागला. फौजदारबाईंनी त्याचा हात धरून थांबवला.

काडतुसांबद्दल तर अजून कुणी विचारलंच नव्हतं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लेकीशी बोलल्या. बाइंडरची ही एकुलती एक लेक वर्षभरापूर्वी आठ वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी आली होती. मुलीला घरात सगळे ठकी म्हणत. ठकी आजीच्या पाठीला चिकटून स्वयंपाकघरात बसली होती. आजी कालच्या झटापटीत फाटलेली तिच्या फ्रॉकची बाही शिवत होती. मान खाली, हात चालू. फौजदारबाई आत डोकावल्या तशी तिनं एकदाच वर पाहिलं आणि पुन्हा सुईकडे नजर वळवली.

लेक दुकानातच बसली. समोरच्या वह्या तिनं बाजूला सरकवल्या, डाव्या हातानं.

"काय झालं ते सगळं सांगा. घाई नाही."

"पाचच्या सुमारास आला तो. मागच्या दाराची कडी उचकटली. ठकी बैठकीत अभ्यास करत होती, तिच्या दंडाला धरलं. मी मधे पडले तर मला ढकललं. बाबा दुकानातून धावत आले. त्यांच्याशी झटापट झाली, त्यात त्यांचा चष्मा उडाला. मग त्यांनी खुंटीवरची बंदूक काढली."

"भरलेली होती?"

"घरात लहान मूल आहे म्हणून बाबा कधीच भरून ठेवत नाहीत. दस्त्याला छोटी पिशवी बांधलेली असते, तिच्यात दोन काडतुसं. ती चाचपून भरली. त्याच्यावर रोखली आणि म्हणाले, सोड तिला. तो हसला. म्हणाला, म्हाताऱ्या, तुझ्याच्यानं होणार नाही. तेव्हा बाबांनी नळी भिंतीकडे फिरवली आणि चाप ओढला. त्यानं ठकीला सोडलं आणि पळाला."

"मग?"

"मी ठकीकडे धावले. बाबा तिथेच उभे राहिले. कानात नुसता दडा बसला होता."

"आणि तुमची आई?"

"आई स्वयंपाकघरात होती. बार झाला तशी धावत आली आणि सरळ मोठ्या काकांच्या खोलीत गेली. आमच्याकडे बघितलंही नाही तिनं." लेकीचे डोळे भरून आले. "त्यांचा आवाज आला असेल तिला. आम्हाला तर नंतर कळलं."

"तुमचे बाबा म्हणतात, त्यांनी मोठ्या छर्ऱ्यांची काडतुसं ठेवली होती."

लेकीनं मान हलवली. "मोठी ते ठेवणारच नाहीत. भिंतीपलीकडे मोठे काका, आणि रात्री या बाजूला मी नि ठकी झोपतो. बारीक छर्रे भिंत ओलांडत नाहीत याची त्यांनी आधी खात्री करून घेतली होती. प्रत्येक बारीक काडतुसाला हिरव्या बुककापडाची पट्टी चिकटवली होती. अंधारात, चष्मा नसताना हाताला कापड लागलं की समजायचं, हे बारीक. घरात आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं होतं त्यांनी."

"मग ते खोटं का बोलतायत?"

"मला नाही माहीत, बाई. खरंच नाही माहीत."

जबाबावर सही करताना तिनं पेन डाव्या हातात घेतलं. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं आलं. फौजदारबाईंची नजर तिच्या उजव्या हाताकडे गेली.

"हा अंगठा वळत नाही," ती म्हणाली. "दारात घातला होता त्यानं. म्हणून तर आले इकडे. ब्रश मुठीत धरून खळ लावता येते, तेवढीच बाबांना मदत. सुई काही धरता येत नाही."

हा अंगठा त्यांना ठाऊक होता. त्याबद्दलच्या तीन तक्रारी चौकीत होत्या आणि तिसरीवर त्यांच्या स्वतःच्या हाताचा शेरा होता, "समज देऊन सोडले."

दुपारी हवालदारानं बंदुकीतली दोन काडतुसं टेबलावर आणून ठेवली. उजव्या नळीतलं रिकामं, आणि डाव्या नळीतलं न उडालेलं. दोन्हींना हिरवी पट्टी होती. फौजदारबाईंनी न उडालेल्याची पट्टी पेनाच्या टोकानं जराशी सरकवली. खाली लाल प्लास्टिकवर छापलेला आकडा दिसला.

तो मोठ्या छर्ऱ्यांचा होता.

३

बंदुकांचा दुकानदार जाडजूड, हळू बोलणारा माणूस होता. बाइंडरचं नाव काढताच त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"तीस वर्षांत असं गिऱ्हाईक बघितलं नाही. लोक येतात, म्हणतात, चोर आला तर आडवा झाला पाहिजे, द्या काहीतरी जोरदार. घरात कोण कुठे झोपतं ते कुणी सांगत नाही. हा माणूस काखेत प्लायवूडचे तुकडे घेऊन आला. म्हणाला, घरातल्या भिंतीचेच आहेत, उरले होते. मधे बोटभर पोकळी सोडून दोन तुकडे चौकटीत ठोकले होते. म्हणाला, यावर झाडून दाखवा."

"आणि तुम्ही दाखवलंत?"

"मागे आमची चाचणीची जागा आहे. आधी मोठ्या छर्ऱ्यांची तीन झाडली. तीनही आरपार, मागच्या मातीच्या ढिगात जाऊन बसली. मग बारीक. तेवढ्याच अंतरावरून पुढची फळी फुटली, पण छर्रे मागच्या फळीत अडकून राहिले. त्यानं एकेक छर्रा अडकित्त्यासारख्या चिमट्यानं काढून बघितला. मी स्पष्ट सांगितलं, बाइंडरसाहेब, माणूस थांबवायचा तर मोठेच घ्या. बारीक छर्रे जवळून लागले तर तेही जीव घेतील, पण भरवसा मोठ्यांचा. त्यावर तो म्हणाला, छर्ऱ्याला माणूस कुठला आणि भिंत कुठली ते कळत नाही. ते मलाच कळायला हवं."

"मग बारीकच घेतली?"

"बारीकची पेटी. मोठ्यांची चाचणीसाठी पाच काढली होती, दोन उरली. परत घेता येत नाहीत म्हणून त्याच्याकडेच दिली. कागदात गुंडाळून नेली त्यानं."

"म्हणजे ती दोन घरातच होती."

"असणार."

"बारीकची खूण म्हणून ते हिरवी पट्टी लावत, आणि पट्टीखाली मोठं निघालं. चुकून बारीकच्या पेटीत मोठी गेली असतील?"

दुकानदारानं त्यांच्याकडे दुखावल्यासारखं पाहिलं. मग फळीवरची एक पेटी काढून मोहोर दाखवली. "कारखान्यातून अशी बंद येते. आणि पट्टी मी नाही लावली, बाई. ती कशासाठी असते हेसुद्धा मला आत्ता तुमच्याकडून कळलं."

फौजदारबाई उठल्या. दारापर्यंत गेल्यावर त्यांनी सहज विचारलं, "एकटेच आले होते का ते?"

"छे. बायको होती बरोबर. मागे बाकावर बसली होती. तासाभरात एक शब्द बोलली नाही बिचारी."

चौकीत परतल्यावर हवालदार दारातच भेटला. जावई सापडला होता. आणि तो जे सांगत होता ते बाइंडरला फासापर्यंत नेण्याइतकं होतं.

४

जावई देखणा होता, आणि ते त्याला माहीत होतं. स्वतःच्या गुन्ह्याबद्दल तो एका वाक्यात बोलला आणि सासऱ्याबद्दल वीस.

"माझी मुलगी न्यायला गेलो होतो. कडी तुटली, ते चुकलं माझं. पण त्या म्हाताऱ्यानं माझ्यावर बंदूक रोखली होती, बाई. मी समोर उभा. चार पावलांवर. मला का नाही मारलं? शांतपणे नळी फिरवली आणि भिंतीवर झाडली. त्याला ठाऊक होतं पलीकडे कोण बसतं. आठ महिने भावाशी बोलत नव्हता तो."

"का बोलत नव्हते?"

"मोठे काका समजूतदार होते. लेकीला सासरी धाडा म्हणाले. संसारात भांड्याला भांडं लागायचंच. एवढं बोलले तर यानं त्यांचं ताट वेगळं केलं. माझं निमित्त झालं आणि यानं डाव साधला."

"बार झाल्यावर पलीकडून काही ऐकू आलं?"

"काही नाही. हूं की चूं नाही."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. छर्रा मानेत बसला होता. तोंडातून आवाज निघायला वेळच मिळाला नसणार. हातांना कंप होता तरी एरवी मोठा भाऊ त्या वेळी वाचनालयात असायचा, सहाला परतायचा. पण आदल्या दिवशी त्याचा पाय मुरगळला होता म्हणून तो घरीच होता, आणि ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

साहेबांनी कागद वाचले आणि फौजदारबाईंकडे सरकवले. "यात कोडं काय आहे? भावाशी वैर. भाऊ कुठे बसतो ते माहीत. भिंतीच्या आरपार जातील अशी काडतुसं, आणि ती आपणच ठेवली असं तो स्वतः सांगतो. वर पट्टी लावून ठेवली, म्हणजे उद्या म्हणायला मोकळा की मला बारीक वाटली. उद्या सकाळी खून म्हणून दाखल करा."

"पण साहेब, तसं तो म्हणतच नाहीये. मला बारीक वाटली, एवढं एक वाक्य म्हटलं तर तो सुटतो. त्यानं ते एकदाही म्हटलेलं नाही."

"मग कुणाला तरी वाचवतोय. कुणाला?"

फौजदारबाईंनी न उडालेलं काडतूस आणि बाइंडरच्या पेटीतलं एक बारीक काडतूस दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवलं. पेटीतल्या काडतुसाची पट्टी धारदार सुरीनं एका रेषेत कापलेली, खळीनं घट्ट बसवलेली, सुटायचं नाव घेत नव्हती. दुसऱ्या काडतुसाची पट्टी त्यांनी दुपारी सहज सरकवली होती. ती का सरकली ते आत्ता कळलं. तिच्याखाली खळ नव्हतीच. कापड घट्ट गुंडाळून त्याच्या दोन कडा आतून बारीक टाके घालून जोडल्या होत्या. टाके नखाला लागत होते, डोळ्याला दिसत नव्हते.

"साहेब, मला उद्या सकाळपर्यंतचा वेळ द्या," त्या म्हणाल्या. "त्याला हे हातात द्यायचंय."

५

कोठडीत बाइंडर भिंतीला टेकून बसला होता. झटापटीत मोडलेला चष्मा फौजदारबाईंनी दोरा बांधून दुरुस्त करून आणला होता, पण त्यांनी तो लगेच दिला नाही.

"एक विचारते. हिरवी पट्टी म्हणजे बारीक, हे तुम्हीच ठरवलंत. मग मोठ्या काडतुसांना ती पट्टी तुम्ही का लावलीत?"

त्यानं बोटावरचा खळीचा पापुद्रा सोलला.

"तुमच्या लेकीनं लावली असं वाटतं का तुम्हाला?"

"लेकीचं नाव घेऊ नका." पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "तिनं पुष्कळ सोसलंय. मीच लावली."

"बार झाल्यावर तुम्ही बंदूक उघडलीत. रिकामं काडतूस चाचपलंत. हाताला पट्टी लागली, पण भिंतीला तर आरपार भोक. म्हणजे पट्टीखाली मोठं काडतूस. पट्टीचा अर्थ घरातल्यांनाच माहीत. भाऊ गेला. बायको तुमच्या बाइंडिंगच्या दुकानात पाऊल टाकत नाही. उरली लेक. ती तुमच्याबरोबर रोज त्याच कापडावर काम करते, आणि तिला नवऱ्याची भीती सगळ्यांत जास्त. एवढा हिशेब तुम्ही त्या पायरीवर बसून केलात. आणि मी यायच्या आत ठरवलंत की सगळं अंगावर घ्यायचं."

बाइंडरनं ते नाकारलं नाही.

"तेव्हा तुमच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. आता घाला. आणि हे बघा."

काडतुसातली दारू आणि छर्रे काढून टाकले होते, पट्टी तशीच होती. बाइंडरनं चष्मा लावला. पण बघायच्या आधी त्यानं सवयीनं अंगठा फिरवला. कापडाच्या जोडावर अंगठा थांबला. पुन्हा मागे गेला. पुन्हा थांबला.

फौजदारबाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्या चेहऱ्यावरून आधी काळजी उतरली, लेकीची काळजी. आणि तिच्या जागी जे आलं त्याला त्यांना लगेच नाव देता येईना. माणूस आपल्याच घरात चुकीच्या खोलीत शिरला तर दिसेल, तसा तो दिसत होता.

त्यानं अंगातल्या सदऱ्याची कॉलर दोन बोटांत धरली, झिजली म्हणून उलटून तशाच टाक्यांनी आतून शिवलेली कॉलर, आणि सोडून दिली.

"मीच लावली," तो म्हणाला. या वेळी अगदी हळू. "मीच शिवली."

"तुम्हाला सुईत दोरा ओवता येतो का हो, या चष्म्यानं?"

त्यानं काडतूस परत केलं आणि तोंड फिरवलं.

"लेकीला सोडा," तो म्हणाला. "आणि कुणालाच विचारू नका. हात जोडतो."

फौजदारबाई बाहेर आल्या. जिला विचारू नका असं तो म्हणत होता, ती बाहेरच्या बाकावर येऊन बसली होती. मांडीवर पिशवी, तीत त्याच्यासाठी धुतलेले कपडे. तिला कुणीही बोलावलेलं नव्हतं.

६

फौजदारबाईंनी तिला आपल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

"मावशी, बार झाला तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात होतात."

"हो."

"बैठकीत तुमची नात किंचाळत होती. लेक जमिनीवर पडली होती. नवऱ्याच्या हातात बंदूक होती. तुम्ही त्या तिघांवरून पुढे गेलात आणि मोठ्या भाऊजींच्या खोलीत शिरलात. का?"

"त्यांचा आवाज आला."

"त्यांचा आवाज आला नाही. जावयानं ऐकला नाही, लेकीनं ऐकला नाही, आणि डॉक्टर म्हणतात आवाज निघालाच नाही. त्या घरात प्रत्येकाला वाटत होतं की छर्रे भिंतीतच अडकतात. तुमच्या नवऱ्याला वाटत होतं म्हणून तर त्यांनी भिंतीवर झाडली, कुणालाच लागू नये म्हणून. पलीकडे कुणी मेलं असेल असं वाटायचं कारण फक्त एका माणसाकडे होतं. ज्यानं काडतुसं बदलली त्याच्याकडे."

बाईनं मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

"उरलेली दोन मोठी काडतुसं घरात आहेत हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही बंदुकांच्या दुकानात बसून होतात. पट्टी चिकटवायची तर खळ बाइंडरच्या टेबलावर, आणि तिथे दिवसभर ते आणि लेक. म्हणून तुम्ही सुई घेतलीत. लेकीला सुई धरता येत नाही. तुमच्या नवऱ्याला दोरा दिसत नाही. भाऊजींचे हात कापायचे. तसा टाका घालणारं त्या घरात एकच माणूस आहे, आणि मी त्यांना काल बाही शिवताना पाहिलं."

बाईनं पिशवीत हात घातला. कपड्यांच्या तळातून एक रुमाल काढला, टेबलावर ठेवून उघडला. आत दोन काडतुसं होती, खळीनं चिकटवलेल्या हिरव्या पट्टीची. खरी बारीक.

"यांच्या पट्ट्या निघेनात," ती म्हणाली. "नाहीतर त्याच वापरल्या असत्या. कचऱ्याच्या टोपलीतून कापड घेतलं. शर्टाची कॉलर उलटायला बसले असं सांगितलं."

फौजदारबाईंनी दोन्ही काडतुसं उचलून पट्ट्यांवर नख फिरवलं.

"कधी केलंत हे?"

"दीड महिना झाला. तुमच्याकडून तिसऱ्यांदा परत आले त्या दिवशी." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती नुसती तारीख सांगत होती. "तुम्ही म्हणालात, समज दिली आहे. घरी गेले तर तो कोपऱ्यावर उभा होता. मला बघून त्यानं नमस्कार केला, बाई. हसून."

फौजदारबाईंनी खाली पाहिलं.

"दुकानदार म्हणाला होता, बारीकचा भरवसा नाही," ती पुढे म्हणाली. "यांनी ते ऐकून सोडून दिलं. मला सोडता येईना. मी माझ्या लेकीच्या गळ्यावर त्याची बोटं उमटलेली बघितली आहेत. मला वाटलं, एकदाच बार होणार. तो चुकायला नको."

"भाऊजींवर राग होता तुमचा?"

"होता. लेकीला परत धाडा म्हणाले ते मी विसरले नाही. पण त्यांच्या गोळ्या मीच काढून देत होते, त्या दिवशी पायही मीच शेकला. मरण नव्हतं चिंतलं मी त्यांचं."

फौजदारबाईंनी जबाब स्वतः लिहिला. मग बाइंडरला आत आणवलं. त्याला सांगावं लागलं नाही. टेबलावरचा रुमाल बघून तो दारातच थांबला, मग येऊन तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला.

"मला विचारायचंस," तो म्हणाला.

"विचारलं होतं, मोठी का नाही ठेवत म्हणून. तुम्ही भिंतीचं सांगितलंत."

"मग?"

"मला वाटलं, तशी वेळ आली तर तुम्ही त्याच्यावरच झाडाल. भिंतीवर झाडाल असं मनातही आलं नाही." ती थांबली. "चाळीस वर्षं झाली लग्नाला. एवढं कळायला हवं होतं मला तुमचं."

त्यानं फक्त मान हलवली, हो की नाही ते कळणार नाही अशी.

फौजदारबाईंनी जबाबाचा कागद पुढे केला. "यानं खुनाचा आरोप टिकणार नाही. तुम्हा दोघांचं काय करायचं ते न्यायालय ठरवेल. जावयावरचा गुन्हा मी काल रात्रीच नोंदवलाय, तीन तक्रारींसकट, आणि माझ्या शेऱ्यासकट. वाचून सही करा, मावशी."

बाईनं कागद डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचला. एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही ओळ खोडा."

ओळ अशी होती, "भिंत भेदली जाईल याची कल्पना नसताना, चुकून."

"मावशी, त्या ओळीचा तुम्हाला उपयोग होईल."

"होईल. पण ती खरी नाही. दुकानामागे हे दुकानदाराशी बोलत होते तेव्हा मी उठून त्या फळीपाशी गेले होते. भोकात बोट घालून बघितलं होतं. पलीकडून बाहेर आलं माझं बोट."

"राहू दे ना ती," बाइंडर म्हणाला. "माझ्यासाठी राहू दे."

"नको," ती म्हणाली. "ते गेले. त्यांच्या बाबतीत तरी खोटं नको."

फौजदारबाईंनी पेन घेतलं आणि ती ओळ खोडली. वर पंखा फिरत होता, कागद टेबलावरून उडू पाहत होता. बाइंडरनं हात पुढे करून त्याच्या कडेवर तळवा दाबून धरला, आणि त्याच्या बोटांच्या शेजारी तिनं सही केली.